शेवटच्या कडव्यातलं नाव

गानं करनारा मानूस घरात असला की घरातलं काहीच झाकून राहत न्हाई. आमचे मालक गायन पार्टीत शाहीर व्हते. एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, मागं कोरसला दोघं-तिघं, अन् पुढं हे. गानी सोता जोडायचे, सोताच म्हनायचे. शाळा थोडीच झालती, पन त्यांना शब्द कमी पडल्यालं मी कधी बघितलं न्हाई.

एकदा टँकरपाशी पान्यासाठी रेटारेटी झाली. एका बाईची घागर माझ्या तोंडावर आली अन् पुढचा दात पडला. पदर तोंडाला लावून मी घरी आले. मालकांनी दात बघितला, चूळ भरायला पानी दिलं, अन् कोपऱ्यात बसून गुनगुनायला लागले. मला वाटलं मानसाला काळजी लागली. काळजी कशाची? पुढं गेवराईला बाजारतळावर कार्यक्रम झाला, त्यात टँकरचं गानं, अन् त्या गान्यात माझा दात. बायका हसून हसून बेजार झाल्या. एकीनं माझ्याकडं बोट करून शेजारनीला इचारलं, "हीच का गं ती दातवाली?"

घरी आल्यावर मी म्हनले, माझा दात गेला अन् तुमचं गानं झालं, बरं हाय हे.

ते म्हनले, "मग कुनाचा पाडू? शेजारनीच्या दातावर मला गानं येत न्हाई."

हे त्यांचं खरंच व्हतं. उसनं दुखनं घेऊन त्यांना गाता येत न्हवतं. एका मोठ्या शेतकऱ्यानं लेकाच्या लग्नासाठी गानं करायला सांगितलतं. हे कितीतरी दिवस खटपट करीत व्हते. शेवटी जे झालं ते ऐकून नवरीची माय हमसून हमसून रडायला लागली. वरबाप म्हनला, शाहीर, मांडव घातलाय, तिरडी बांधली न्हाई. तव्हापसून कुनी त्यांना लग्नाचं गानं सांगितलं न्हाई. घरात काही मोडलं, फुटलं, म्हस मेली, की यांचं गानं चांगलं व्हायचं. मी ते ओळखून व्हते. हे गुनगुनायला लागले की मी आधी घरभर बघून घ्यायचे, की आता काय गेलं आपलं?

मग तो दुष्काळ आला. आमच्या वस्तीच्या आडाला तर पानी न्हवतंच, पाटलाच्या हिरीचा बी तळ दिसायला लागला. ज्वारी पोटऱ्यात येयच्या आधीच वाळली. मजुरी न्हाई. कार्यक्रम बी न्हाई, कावून की कार्यक्रम वर्गनीवर व्हायचा अन् वर्गनी द्यायला कुनाच्या हातात काय व्हतं? पेटी फडक्यात बांधून आढ्याला टांगली अन् आमी पहिल्यांदा कोयत्याला गेलो.

कोयता म्हनजे ऊसतोड. नवरा अन् बायको दोघं मिळून एक कोयता धरत्यात. मुकादम मानसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. मांजरसुंब्याच्या नाक्यावर ट्रक आला, त्यात भांडी, सरपन, शेरडं, लेकरं, सगळं एकावर एक. आमची लेक माझ्या मांडीवर. नुकतीच पळायला शिकली व्हती. तिचं नाव मी हितं सांगत न्हाई. कावून न्हाई ते पुढं कळंल.

आमी गेलो ते वरल्या अंगाला, एका साखर कारखान्याच्या हद्दीत. तिथं सगळं हिरवं. सडकंच्या बाजूनं पाट वाहत व्हता, दोन्ही काठ भरून. आमच्या लेकीनं तव्हर पानी बघितलं व्हतं ते घागरीत अन् तांब्यात. वाहनारं पानी तिला मालूमच न्हवतं. पाट बघून ती खुळ्यागत हसायला लागली. आमी फडात ऊस तोडायचो, ती पाटाच्या कडंला हात बुडवून बसायची. कुनी उठवलं की रडायची. तिथलंच पानी ओंजळीनं प्यायची. पाचटाच्या कोपीत ठिवलं तर रांगत, पळत पुन्हा तिथंच.

पाट वरच्या गावांतनं येत व्हता. त्यात काय काय येतं ते नव्या मानसाला काय ठाव? तिला हगवन लागली. मुकादमानं गाडी दिली, न्हाई म्हनत न्हाई मी. बैलगाडीत उसाचं वाढं टाकलं, त्यावर मी तिला घेऊन बसले. दवाखाना लांब व्हता. अर्ध्या वाटंतच तिचं अंग जड झालं. मालक गाडीच्या पुढं चालत व्हते. मी त्यांना हाक मारली न्हाई. थोडं अंतर तसंच जाऊ दिलं. मग मी म्हनले, गाडी वळवा.

पाटाच्याच काठाला जागा दिली रानाच्या मालकानं. चांगला मानूस व्हता. पुढल्या साली ऐकलं की तिथं बी ऊस लावला.

पान्यासाठी गाव सोडलं व्हतं, अन् पान्यानंच नेली. तिचा फोटो न्हाई. तव्हा आमच्यात लेकराचा फोटो कोन काढायचं? एक झबलं व्हतं, ते तिच्याबरूबरच दिलं.

लगेच कोयता हातात घेतला. एकट्याचा कोयता कुनी धरीत न्हाई, अन् बसून खाऊ कोन घालनार? मालक नुसते तोडत राहायचे. बुडख्याला एक घाव, शेंड्याला एक घाव, ऊस बाजूला. बुडख्याला एक, शेंड्याला एक. मी मागनं मोळ्या बांधायचे. हंगाम सरत आला तव्हा एका दुपारी त्यांच्या घावाच्या चालीवरच त्यांच्या तोंडातनं गान्याची वळ आली:

पानी शोधत गेलो आमी, पान्यापाशी लेक ठिवली.

माझ्या हातातनं मोळी सुटली. मी म्हनले, हे गाऊ नका. तुमी माझा दात गायला, म्हशीचं मरन गायलं, मी काही बोलले न्हाई. हे नका गाऊ.

ते म्हनले, "मग तिला कुठं ठिवू?"

मी सुटलेली मोळी पुन्हा बांधायला घेतली.

आमच्या गान्यांची एक रीत हाय. ज्यानं गानं जोडलं तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. अमका म्हने, तमका सांगे, असं. ऐकनाऱ्याला त्यावरनंच कळतं, हे गानं कुनाचं. मालकांच्या सगळ्या गान्यांत त्यांचं नाव असायचं, टँकरच्या बी गान्यात. या गान्यात त्यांनी शेवटी लेकीचं नाव घातलं. ती म्हने, "आता गावा चला गं आई." एवढंच. लेकरू कटाळलं की म्हनतं तसं.

मी म्हनले, अवो, मग लोकाला कसं कळंल गानं तुमचं हाय म्हनून?

"माझं नाव रेशनकार्डावर हाय," ते म्हनले. "तिचं कुठंच न्हाई."

गावाकडं आलो. दोन वर्सं बरा पाऊस झाला. पेटी आढ्यावरनं खाली आली. ते गानं बीडला गायलं तव्हा बायका पदर डोळ्याला लावून बसल्या व्हत्या, बाप्ये खाली बघत व्हते. मग दुसऱ्या पार्ट्या बी ते म्हनायला लागल्या. या तालुक्यातनं त्या तालुक्यात गेलं. लोक इचारायचे, ही कोन बाई हाय गानं करनारी? लई सोसलेली दिसते. मालक हसायचे. त्यांना ते बरं वाटायचं. म्हनायचे, बघ, आपली लेक शाहीर झाली.

मला पहिल्यांदा सोसत न्हवतं. मग सवय झाली. कुठं लाऊडस्पीकरवर ते गानं लागलं की मी हातातलं काम थांबवायचे. भाकरी थापत आसंल तर हात पिठातच. शेवटच्या कडव्यात तिचं नाव आलं की पुन्हा थापायला घ्यायचे. दुसऱ्याच्या तोंडातनं आपल्या लेकीचं नाव ऐकायचं. ती कुठंतरी आसल्यागत वाटायचं. आता हे सांगायला खुळं वाटतं.

पुन्हा दुष्काळ पडला. आमच्याकडं तो जावयासारखा येतो, आला की लवकर हालत न्हाई. वर्गनी बंद, कार्यक्रम बंद, ढोलकीवाला पुन्याला बिगारी कामाला गेला. मला दिवस गेलते. मुकादमाचा मानूस घरी चकरा मारायला लागला व्हता, की औंदा कोयता धरायचा का न्हाई म्हनून. मी पोट घेऊन फडात जायला तयार व्हते. बायका जात्यातच. कोपीत बाळंत व्हत्यात अन् चार दिवसांनी मोळ्या बांधत्यात. मालक माझ्या पोटाकडं बघायचे अन् बाहेर जायचे.

त्याच साली आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याची निवडनूक लागली. चेअरमनचं पॅनल एक, त्यांच्या पुतन्याचं एक. सभासदालाच मत असतंय, म्हनजे ज्याचं रान, ज्याचा शेअर, त्याला. आमच्या वस्तीत एकाला बी मत न्हवतं. पन प्रचाराची जीप आमच्या वस्तीत बी आली, कावून की गानं आमच्याकडं व्हतं.

चेअरमनचा मानूस खाटंवर बसला. त्याला चहा दिला, बिनदुधाचा. तो म्हनला, शाहीर, चाल तुमचीच पायजे, ती पान्याच्या गान्याची. पोरासोरांना पाठ हाय. शब्द आमी बदलून आनलेत, पॅनलच्या चिन्हाचे. तुमच्याच आवाजात टेप भरायचा. अन् साहेब म्हनले, शाहिराला कारखान्यात चिकटवून घिऊ. वॉचमनची जागा हाय. खोली मिळंल, नळ हाय खोलीत.

नळ म्हनल्यावर मालक त्याच्याकडं नीट बघायला लागले.

त्यानं शब्द वाचून दाखवले. रस्ते, शाळा, उसाला भाव, असलंच काहीबाही. मी दारात सुपात ज्वारी निवडीत बसलते. शेवटच्या कडव्याला तो अडला. म्हनला, हितं कुन्या बाईचं नाव हाय. हितं आपन साहेबांचं घालू. त्यानं तोंडातल्या तोंडात म्हनून बघितलं, मांडीवर ठेका धरला. "साहेब म्हने, शिक्का मारा गं बाई." साहेब न्हाई म्हनला तो, चेअरमनचं नावच म्हनला. मग म्हनला, "बघा शाहीर, किती चपखल बसतंय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी सुपातला खडा धरला व्हता. मला वाटलं, आता हे उठतील. ते मानी व्हते, एका पुढाऱ्यानं "ए गानेवाल्या" म्हनलं तर भरल्या कार्यक्रमातनं उठून आलते.

ते म्हनले, "बसतंय."

बस, एवढंच. चहा पिऊन तो मानूस गेला. रात झाली, जेवलो, आडवे झालो.

जीप गावोगाव फिरायला लागली. एकदा मी हापशावर व्हते. लांबनं चाल ऐकू आली. हात आपसूक थांबला, सवयच ती. मालकांचाच आवाज, तोच चढ, तोच उतार. शेवटचं कडवं आलं अन् तिच्या जाग्यावर चेअरमनचं नाव आलं. मागची बाई म्हनली, "अगं हान की, का झोपली?" म्या हापसा मारला.

पॅनल निवडून आलं. चेअरमननं शब्द पाळला. मालकांना खाकी कपडे मिळाले, काठी मिळाली, आमाला एक पत्र्याची खोली. नळाला दिवसाआड पानी यायचं. मला मुलगा झाला, तिथंच, चार भिंतीत. त्याला जुलाब झाले तव्हा कारखान्याच्या दवाखान्यात बाटली लावली अन् तो वाचला. तो आता पुन्यात टेम्पो चालवतो, त्याला लेकरं हायेत.

म्हनून मी मालकांना कधी बोल लावला न्हाई. लावायचा कसा? लेकरू मांडीवर खेळत व्हतं.

पन त्यांचं गानं गेलं. पेटी खोलीत आनली व्हती, तिच्यावर आमी अंथरून ठिवायचो. एकदा मी म्हनले, काही जोडा की, कारखान्याचं जोडा, हंगामात एवढ्या गाड्या येत्यात, मानसं येत्यात. ते म्हनले, येत न्हाई. दुखत न्हाई म्हनून येत न्हाई का, असं मी इचारलं. ते म्हनले, "दुखतंय. पन जे व्हतं ते मी देऊन बसलो. आता कोन्या तोंडानं मागू?" कुनाकडं मागायचं व्हतं ते म्हनले न्हाईत.

हंगामात गेटावर कोयतेवाले यायचे, आमच्यासारखेच, लेकरं गाडीवर टाकून. त्यातली पोरं ते गानं म्हनत असायची. जुनं गानं, पान्याचंच, लेकीचंच. पन शेवटी नाव चेअरमनचं. जीपनं इतकं घोकून घेतलं व्हतं की दोन्ही गानी एकमेकांत मिसळली. लेक पाटावर ठिवली, अन् शेवटी चेअरमन म्हनतो, गावा चला गं आई. त्याला काही अर्थ व्हतो का? पन गानाऱ्याला अर्थ लागत न्हाई, चाल लागते. मालक काठी घेऊन ऐकत उभे राहायचे अन् गाडी आत सोडायचे.

पुढचा दुष्काळ आला तव्हा ऊसच न्हवता. कारखाना एक हंगाम बंद, दुसरा बंद, मग डायरेक्टरांची भांडनं, मग गेटाला कुलूप. कुलूप राखायला म्हनून मालकांना काही दिवस ठिवलं, मग सांगितलं येऊ नका. आमी पुन्हा वस्तीवर. चेअरमन बी वारले तव्हर.

मालकांनी पेटी झटकली. भाता उंदरानं कुरतडला व्हता, तो चिकटवला. मला म्हनले, आता मी ते गानं आपल्या नावानं म्हननार. आपल्या म्हनजे तिच्या. मी लुगडं धुतलेलं नेसून गेले. शेजारच्या गावातला कार्यक्रम व्हता, दिवसाउजेडीच. लोक बऱ्यापैकी जमलते. आवाज पहिल्यासारखा ऱ्हायला न्हवता, पन लोक ऐकत व्हते. शेवटचं कडवं आलं, त्यांनी तिचं नाव घेतलं. मी डोळे झाकले.

मागनं एकजन म्हनला, "मामा, नाव चुकलं."

दुसरा म्हनला, "चेअरमनला सोडून कोन्या पॅनलला गेलात, मामा?"

सगळे हसले. वाईट मानसं न्हवती ती. मालक बी हसले. त्यांनी कडवं पुन्हा धरलं, तिचं नाव घेतलं, तर मागनं दहा-वीस जनांनी मोठ्यानं, ठेक्यात, चेअरमनचं नाव म्हनलं. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला साथ देतोय आपन. मालकांचा एकट्याचा आवाज, त्यात खालीच ऱ्हायला. त्यांनी पेटीचा भाता बंद केला, हात जोडले. पुन्हा ते गानं त्यांनी म्हनलं न्हाई. एकटे असताना बी न्हाई, मी कान देऊन व्हते.

दम्यानं गेले ते. मुलगा पुन्याहून आला. पुन्यानुमोदनाला, म्हनजे मयतामागच्या कार्यक्रमाला, बीडची एक नवी पार्टी आली, आपनहून आली, काही न घेता. त्यांचा मुख्य गानारा तरना पोरगा, माझ्या पाया पडला. म्हनला, माय, शाहिरांचं पान्याचं गानं म्हनतो. ते गानं ऐकून मी गायला लागलो. शाहिरांचं लाडाचं नाव शेवटी येतं ना, ते घेताना माझ्या अंगावर काटा येतो.

लाडाचं नाव म्हनजे त्याला चेअरमनचं नाव म्हनायचं व्हतं. शेवटी जे नाव ते करनाऱ्याचं, ही रीत त्याला मालूम व्हती. त्याचं काय चुकलं?

मी त्याला जवळ बोलावलं. म्हनले, बाळा, ते नाव त्यांचं न्हाई. तिथं दुसरं नाव हाय. अन् त्याच्या कानात ते नाव सांगितलं. त्यानं दोनदा म्हनून बघितलं. मान हालवली. इचारलं न्हाई कुनाचं म्हनून, अन् मी सांगितलं न्हाई.

लई चांगलं गायला. मालकांच्या फोटोला हार घातला व्हता, त्याच्याकडं बघून गायला. बायकांनी डोळे पुसले. माझ्या हातात काम न्हवतं, तरी हात मांडीवर थांबवून बसले. शेवटचं कडवं आलं. त्याच्या तोंडातनं चेअरमनचं नाव आलं.

त्याला लगेच कळलं. जीभ चावली, पेटीवाल्याला थांबवलं. मग माइकमधेच इचारलं, "माय, काय नाव म्हनला व्हता तुमी?"

सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. कुनीतरी माइक माझ्या तोंडापाशी आनला. माझा मुलगा शेजारी व्हता, तो म्हनला, "आई, सांग की." त्याला बी ठाव न्हवतं. एक बहीन व्हती एवढं त्याला सांगितलं व्हतं. नाव घ्यायची येळ कधी आलीच न्हवती.

सांगितलं असतं तर त्यानं एकदा बरूबर म्हनलं असतं. मग उद्या दुसऱ्या गावाला पुन्हा तेच. तोंडाला जे बसलं ते बसलं. मालकांच्यानं निघालं न्हाई, तर माझ्यानं काय निघनार?

मी म्हनले, "ऱ्हाऊ दे बाळा. हाय तेच म्हन."

त्यानं कडवं पुन्हा धरलं अन् हाय त्याच नावावर गानं संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. मयताचा कार्यक्रम हाय हे ध्यानात आलं, तसे पुन्हा खाली घेतले.